परक्या कोठाराची किल्ली

त्यांना सगळे सूरवाले म्हणत. पियानो जुळवणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत एक जुना पियानो पोट उघडं टाकून उभा असे. दुपारी तारांवर ऊन उतरलं, की खोलीभर पिवळसर धूसर उजेड तरंगायचा आणि त्यात सूरवाले एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत बसायचे. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत की त्या पेटाऱ्याशी, ते एकदा ठरवा."

एकदा ते संगीतशाळेतलं काम आटोपून हत्यारं पिशवीत भरत होते. तिथल्या बाईंनी अगदी उजवीकडची, शेवटची पट्टी दाबली.

"ही जरा उतरलीय का हो?"

सूरवाल्यांना नुसता लाकडाचा आवाज आला. टक्‌. सूर नव्हताच. "हवा दमट आहे," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी वेळ मारून नेली. घरी येताना रस्ता कापसातून गेल्यासारखा वाटला. लोकांचे ओठ हलत होते, सायकलींच्या घंटांवर अंगठे पडत होते, आणि सगळं जग जाड काचेपलीकडे गेलं होतं.

घरात कुणाला ते काही बोलले नाहीत.

आवाजाचं चित्र काढून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर सुनेने लिनक्स ही फुकटची कार्यप्रणाली घालून दिली होती. ती इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायची. लिनक्समध्ये प्रोग्राम मिळण्याची जी नेहमीची जागा, तिथे सूरवाल्यांनी शोधलं. तिथे तो नव्हता. बनवणाऱ्यांच्या पानावर मात्र टर्मिनलच्या, म्हणजे कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत लिहायच्या चार ओळी होत्या. खाली एक पाचवी: घाई असेल तर ही एकच पुरे.

सूरवाल्यांना घाई होतीच. त्यांनी ती ओळ खिडकीत चिकटवून चालवली. खिडकीने पासवर्ड मागितला. ते टाइप करू लागले, तर एक अक्षर उमटेना. बोटांखालचं सगळं काळोखात विरघळत होतं.

"आता डोळेही गेले की काय!" ते स्वतःशीच म्हणाले.

"बाबा, थांबा! एंटर दाबू नका." मागे सून उभी होती.

"अगं, अक्षरंच दिसत नाहीत."

"पासवर्ड दिसत नसतोच. पण ही ओळ काय सांगतेय माहितीय? बाहेरून एक कागद आण, आणि त्यावर लिहिलंय ते सगळं घरमालकाच्या अधिकाराने कर. तो कागद वाचलात तुम्ही?"

"नाही बुवा."

"म्हणजे डोळे मिटून सही."

तिने ती ओळ रद्द केली आणि स्टूल ओढून बसली. "लिनक्सचं स्वतःचं एक कोठार असतं. तिथला माल पारखलेला. तुम्हाला हवंय ते तिथे नाही, म्हणून परक्या कोठारातून आणायचं. पहिली ओळ शेवटी सांगते. दुसरी त्या कोठाराचा पत्ता लिहून ठेवते. तिसरी, अपडेट, म्हणजे सगळ्या कोठारांत आज काय काय आहे ते विचारून ये. चौथी, इन्स्टॉल, म्हणजे माल घरात आण."

"आणि त्या पाचव्या ओळीतली मधली उभी रेघ?"

"डावीकडच्याने जे दिलं, ते उजवीकडच्याच्या हातात. हातोहात."

"आणि हा सुडो शब्द?"

"मालकाच्या हुकमाने. जपून उच्चारायचा शब्द."

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला आणि ती लगबगीने निघून गेली. पहिली ओळ सांगायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूरवाले एकटेच बसले. पहिली ओळ सगळ्यांत लांब आणि दुर्बोध: कुठलीशी किल्ली आणून एका ठरावीक जागी ठेवा. कुलूप कुठे आहे, की किल्ली हवी? त्यांनी ती सोडून दिली. बाकीच्या ओळी एकेक अक्षर बघत लिहायला घेतल्या. अपडेट म्हणताच खिडकीत ओळी झरझर वर सरकू लागल्या, जणू कुणी काळ्या पाण्यात पांढरी फुलं सोडत होतं. मग सगळं थबकलं. खाली उमटलं: सही पटत नाही, किल्ली नाही, या कोठारावर विश्वास ठेवता येत नाही.

ते खुर्चीत मागे रेलले. ऊन पायांवर आलं होतं. डोळा लागला न लागला, तोच ते एका प्रचंड दारापाशी उभे होते. आतून पोती येत होती, प्रत्येकावर लाखेचा शिक्का. रखवालदार विचारत होता, हा शिक्का त्या कोठाराचाच कशावरून? आणि सूरवाल्यांच्या हातात ताडून बघायला काहीच नव्हतं.

जाग आली तेव्हा त्यांना हसू फुटलं. त्यांनी पहिली ओळ लिहिली, मग पुन्हा अपडेट. या वेळी पाणी अडलं नाही.

संध्याकाळी सून आली तेव्हा प्रोग्राम उघडा होता.

"ती किल्ली कुलपाची नाहीच गं," ते म्हणाले. "शिक्का ताडून बघायची आहे."

"अगदी बरोबर. पण ती किल्लीच खरी कशावरून?"

"ते कसं कळायचं?"

"कॉम्प्युटर नाही सांगू शकत. देणारा कोण ते आपण पारखायचं. शेवटी कुणावर विसंबायचं, ते माणसानेच ठरवायचं असतं."

सूरवाल्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "मला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

सून उठली. पियानोपाशी जाऊन तिने शेवटची पट्टी दाबली. पडद्यावर अगदी वर एक केसासारखी रेघ उमटली, आणि हळूहळू फिकी झाली.

"आहे की!" सूरवाले कुजबुजले. "तुला कसा ऐकू आला?"

"बारीक. काचेवर नख टेकवल्यासारखा."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शाळेतल्या बाईंना खरं काय ते सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, तुम्ही रेघ बघा, मी कान देते. तसंच सुरू झालं, आणि मग बाकी गिऱ्हाइकांनाही त्यांनी सांगितलं. दोन-तीन गिऱ्हाइकांनी दुसरा माणूस धरला. बाकीच्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

एकदा उन्हं उतरल्यावर प्रोग्राम चुकून चालूच राहिला. सूरवाले बघतात, तर पडद्याचा वरचा सगळा पट्टा विणलेल्या जाळीसारखा दाट भरून आलेला. घरात तर चिडीचूप होतं. त्यांनी बायकोला हाक मारली.

"हे काय वाजतंय गं?"

तिने खिडकीकडे पाहिलं. "रातकिडे. रोजच असतात की."

मग तिला काय कळायचं ते कळलं. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, आणि अंधार पडेपर्यंत दोघं ती जाळी विणली जाताना बघत राहिली.