लारीवरून आलेलं गिऱ्हाईक

बडोदे स्टेशनात उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर. हवेत अजून थंडी नव्हती, पण उकाडाही सरला होता. माझी मामेबहीण शुभा रिक्षा ठरवूनच उभी होती. लग्न होऊन ती इथल्या नागरवाड्यात आली आणि इथलीच झाली. रिक्षावाल्याशी गुजराती, माझ्याशी मराठी, आणि मध्येच दोन्हींची खिचडी.

"ताई, आधी नाश्तो, मग आंघोळ. चालशे ना?"

नाश्त्याला सेव-उसळ होती. झणझणीत रश्शावर मूठभर जाड शेव, वरून कांदा. सांगलीच्या जिभेला तिखटाचं काय भय, या तोऱ्यात मी पहिला घास घेतला आणि डोळे पुसत बसले. शुभाचे यजमान श्रीपादराव हसून म्हणाले, "आता दुकानात चला. लीलो चेवडो (बटाटा आणि चणाडाळीचा ओलसर, आंबटगोड चिवडा) खाल्ला की आग शमेल."

त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली तशी आजोबांनी मांडवीजवळच्या रस्त्यावर फराळाचं दुकान टाकलं. अरुंद जागा, पण आत शिरताच भाकरवडीचा खमंग वास. पूर्वी दिवाळीच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसे, म्हणे. त्या सकाळी आम्ही तिघंच होतो.

"सगळे तिकडे, नव्या मॉलमध्ये," श्रीपादराव शांतपणे म्हणाले. "तिथे एसी आहे, गाडी लावायला जागा आहे. एक मोबाइलवाला ही जागा मागतोय. सोमवारी उत्तर द्यायचंय."

बाहेर पडल्यावर शुभाने पुढचं सांगितलं. रविवारी संध्याकाळी हा रस्ता वाहनांना बंद ठेवून बाजार भरवायचा, ही कल्पना तिचीच. दुकानदारांनी ओटल्यांवर (दुकानापुढच्या कट्ट्यांवर) माल मांडायचा, नागरवाड्यातल्या बायकांनी आकाशकंदील, रांगोळ्या, फराळ विकायला बसायचं. परवानगी मिळाली होती. एकटे कांतिभाई राजी नव्हते.

कांतिभाईंचं कापडाचं दुकान श्रीपादरावांच्या अगदी समोर. शुभा मला घेऊन तिथे गेली. त्यांनी गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि गुजराती वळणाच्या मराठीत स्वच्छ सांगितलं, "शुभाबेन, माझा घराक (गिऱ्हाईक) लग्नाच्या खरेदीचा. डभोईवरून गाडी करून येतो. त्याला तुम्ही लांबून चालवत आणणार? तो उलटा फिरेल अने सीधा मॉलमध्ये जाईल. मग माझं काय?"

खरं सांगायचं तर मला त्यांचंच म्हणणं पटलं होतं. परतताना शुभा म्हणाली, "यांच्यात आणि कांतिभाईंत यावरून बोलणं बंद झालंय. रोजचा सकाळचा चहा एकत्र घ्यायचे दोघं."

रविवारी दुपार कलल्यावर रस्त्याच्या तोंडाशी दोरी बांधली. पाहुणीला दुसरं काय काम देणार? मला दोरीपाशी उभं केलं आणि एक वाक्य पाठ करायला लावलं: "गाडी त्यां मूको, पछी चालीने आवो" (गाडी तिथे ठेवा, मग चालत या). वळणापलीकडचं मैदान दाखवून मी ते घोकत होते. सुरुवातीला ऐकायलाच कुणी नव्हतं. ओटले सजलेले, कंदील लटकलेले आणि रस्ता मोकळा. कांतिभाईंनी शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं.

ऊन उतरलं तशी माणसं येऊ लागली. आधी ओळखीची, मग अनोळखी. तेवढ्यात एक जीप माझ्यासमोर थांबली. मी माझं वाक्य म्हटलं. गाडी चालवणारा गृहस्थ वैतागला. "बाना पग दुखे छे. चाली नहीं शके." (आईचे पाय दुखतात, तिला चालवत नाही.) मागच्या सीटवर पांढऱ्या साडीतल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या, शेजारी त्यांची नात. डभोईची मंडळी, नातीच्या लग्नाचं कापड घ्यायला कांतिभाईंकडे निघालेली. नातच म्हणाली, "पप्पा, मॉलमां जईए."

मी हातानेच थांबा म्हटलं आणि धावत श्रीपादरावांकडे गेले. नेमकी तेव्हाच त्यांच्यापुढे गर्दी जमली होती. मी म्हटलं, "कांतिभाईंचं गिऱ्हाईक परत चाललंय."

त्यांनी क्षणभर समोरच्या अर्ध्या शटरकडे पाहिलं. मग हातातला झारा शुभाकडे दिला आणि कोपऱ्यावर रिकामी उभी असलेली केळीवाल्याची लारी (हातगाडी) ओढत ते दोरीशी आले. लारीवर स्वतःच्या ओटल्यावरची स्वच्छ चादर अंथरली आणि हात जोडून म्हणाले, "आवो बा, बेसो."

बा आधी लाजल्या, मग मुलाच्या आधाराने ऐटीत बसल्या. पुढून श्रीपादराव ओढताहेत, मागून मुलगा ढकलतोय, बाजूला मी आणि नात. लोक बाजूला होत हसत होते, बासुद्धा हसत होत्या. कंदिलांपाशी त्यांनी लारी थांबवली, एक पसंत केला आणि मांडीवर घेतला. पुढे भाकरवडी चाखली. भर रस्त्यात म्हणाल्या, "लगनमां य मारी आवी सवारी नहोती नीकळी!" (लग्नातसुद्धा माझी अशी वरात निघाली नव्हती!)

गलका ऐकून कांतिभाई शटरखालून वाकून बाहेर आले. लारी कोण ओढतंय ते पाहून जागीच थांबले. श्रीपादराव धापा टाकत एवढंच म्हणाले, "तुमचा घराक."

कांतिभाईंनी शटर खडखडत वरपर्यंत ढकललं. स्वतः पुढे होऊन बांना हात दिला. थोड्याच वेळात गादीवर शालू पसरले, आणि ते बघायला रस्त्यातल्या बायकाही ओटल्यावर चढल्या. बाजार आटोपताना ते समोर आले, श्रीपादरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या टाइमला लारीवर गादी माझी घाला. बा म्हणत होत्या, फळ्यांचं लाकूड टोचतं."

सोमवारी सकाळी मी दुकानात होते. श्रीपादराव आणि कांतिभाई एकाच कपातला चहा दोन बशांत ओतून घेत असताना मोबाइलवाला आला. श्रीपादरावांनी त्यालाही चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. धंदा एका संध्याकाळच्या बाजाराने फिरत नसतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. एक दिवाळी बघून घेऊ, इतकंच ते शुभाला म्हणाले. ती पाठ फिरवून बरण्या पुसत राहिली. डोळे पुसत होती, हे मला दिसलं.

सांगलीला परतल्यावर शेजारणीने विचारलं, राजवाडा पाहिलास का? नाही. संग्रहालय? तेही नाही. तिला माझी कीव आली असावी. पण प्रवासात वास्तू पुष्कळ पाहिल्या. त्यांना माझी गरज नव्हती, माझ्यामागेही त्या तशाच उभ्या राहणार. तो रस्ता मात्र माणसं आली तरच उभा राहणार होता, आणि एका संध्याकाळपुरती मीही त्या माणसांत होते.