पोतंभर बरड

ते झाड आणलं ही चूक माझीच. आई गेल्यावर वडील अकोल्याकडचं गाव सोडून अमरावतीला माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागले. मी शाळेत शिकवून थकून आले की ती भिंत मलाही बघावी लागायची. म्हणून एका रोपवाल्याकडून जाड पानांच्या जेडचं मूठभर रोपटं आणलं. हाताला काही काम तरी लागेल.

गावाहून येताना वडिलांनी पिशवीभर काळी माती आणली होती. कशाला, हे विचारायचं त्राण मला नव्हतं. जेड त्यांनी त्याच मातीत लावलं.

"माया वावरातली माती आहे. काठी रोवली तरी फुटते."

तीन आठवड्यांत ते सडलं. मी दुसरं आणलं. तेही त्याच मातीत गेलं आणि पिवळं पडू लागलं. वडील पुन्हा भिंतीकडे वळले, रात्रीचं जेवण टाळायला लागले. रोपवाला म्हणाला, याला पाणी थांबलेलं चालत नाही, मुरमाड माती घाला. मी घरी येऊन तसंच सांगितलं, आणि हे गेलं तर तिसरं आणणार नाही, हेही सांगून टाकलं. मी खरंच कंटाळले होते.

आमच्या घरात मुरमाड म्हणजे काकांचं वावर. वाटणीत वडिलांनी काळी जमीन ठेवली, धाकट्या भावाला खडकाळ बरड दिली, आणि वर चारचौघांत हसले. तेव्हापासून बोलणं बंद. आईच्या तेरवीलाही काका पंगतीला न बसता निघून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून मी विकतची माती आणायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी माझ्याकडून काकांना फोन लावून घेतला, स्पीकरवर.

"तुया बरडातली माती पायजे."

"कावून? तुयी काळी संपली काय?"

"काळीत पानी तुंबते. झाड मरून रायलं."

त्या काळीबद्दल वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

रविवारी काका एसटीने पोतं घेऊन आले. गॅलरीत बसून दोघांनी सडलेली मुळं कापली, कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला, वर बरड भरली. "पानी हात राखून घाल, दादा," एवढं म्हणून काका जेवायला बसले. वडीलही पोटभर जेवले. मला त्या दिवशी दोन वेळा पोळ्या लाटाव्या लागल्या.

झाडाला माती लागली दोन मुठी. महिन्याभराने नवी पानं आली. त्याच आठवड्यात वडील फोनवर काकांना म्हणाले, "माती संपली ना. या रविवारी तू येतो काय घेऊन?"

पोतं त्यांच्या मागेच होतं, जवळजवळ भरलेलं. मला झोपायला एक रविवार तेवढा मिळतो. शनिवारी शाळेतून आले, पदर खोचला आणि ते पोतं ओढत नेऊन माझ्या पलंगाखाली ढकललं.