एक डाव चोरू द्या

"सर, एक डाव मला चोरू द्या."

गाडीला कुलूप बसवून झालं की आमचा मिस्त्री प्रत्येक मालकाकडे हेच मागायचा. डोक्याचा रुमाल सोडून खिशात कोंबायचा आणि स्वतःच बसवलेलं कुलूप उघडायला निघायचा. मालकाने घड्याळ बघत बाजूला उभं राहायचं. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील. आपल्या कामातली खोट दुसऱ्याने काढलेली त्यांना खपत नाही.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही नवराबायकोने एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. आत पलंग, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या गल्लीत तिला सरांचं फिरतं घर म्हणत. माझ्या शाळेच्या सुट्ट्या सांभाळण्यात हिचं आयुष्य गेलं होतं. आता ती कन्याकुमारीला जायचं म्हणून हटून बसली होती. गाडी चोरीला गेली तर दुसरी घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून मिस्त्री गाठला.

पहिल्या दिवशी त्याने ती चार मिनिटांत चोरून दाखवली. चावीशिवाय इंजिन चालू करणं हा त्याच्या डाव्या हाताचा मळ. मग त्याने ओट्याखाली, डाळीच्या डब्यामागे चोर बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय इंजिन हूं की चूं करत नसे. गियरला वेगळं कुलूप घातलं. पुन्हा चोरायला बसला, घामाघूम झाला आणि हरला. गियरच्या कुलपाच्या दोन चाव्या माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "कुणाला देऊ नका सर. मलाबी नाही."

आम्ही दोघं हसलो.

पुढे तो घरचाच झाला. त्याची आई साखरेच्या आजाराने गेलेली. हिलाही साखर आहे हे कळल्यापासून दारात पाय ठेवला की त्याचा पहिला प्रश्न, "काकू, गोळी घेतली का?" मला कधी विचारलं नाही, की मी कसा आहे.

आणि चोरायचं वेड काही सुटलं नाही. बहादरपूरला एका लग्नातून आम्ही बाहेर आलो तर गाडी गायब. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शोधत गेलो तर मांडवामागे केळीच्या बागेला लागून उभी, आणि हा आमच्याच गॅसवर चहा करतोय. "मागची खिडकी उघडी होती सर, अन् गियरचं कुलूप तं तुम्ही लावलंच नाही," असं म्हणून त्याने कप पुढे केला. मी चिडलो, त्याने कान धरले. असं आणखी दोनदा झालं. खरं सांगू, आम्हाला ते आवडायचं. मूलबाळ नसलेल्या माणसांना आपल्यावर कुणी लक्ष ठेवतंय याचंच अप्रूप असतं.

कन्याकुमारीला निघायच्या दिवशी तापीमाईची ओटी भरायला राजघाटावर गेलो. गाडी वर लावली, सगळी कुलपं घातली, दोनदा ओढून पाहिली. ओटी भरून वर आलो तर गाडी नाही. तिच्या जागी भिंतीच्या सावलीत आमचाच टॉवेल अंथरलेला आणि त्यावर हिची गोळ्यांची डबी, चष्मा, दशम्यांचा डबा नीट मांडलेला.

ही हसली. म्हणाली, निरोप द्यायला आलाय वाटतं. आज काय उघडं राहिलं, ते मी आठवू लागलो. कुठेतरी चहा टाकला असेल, आता हॉर्न वाजवेल, म्हणून पायऱ्यांवर बसलो. दशम्या खाल्ल्या. त्याच्यासाठी दोन ठेवल्या. अशी दोन तास वाट पाहिली. मग फोन लावला, तो बंद. दुकानाचं शटर खाली, भाड्याची खोली रिकामी.

महाराष्ट्राची हद्द इथून कितीशी लांब. दोन तासांत गाडी कुठल्या कुठे गेली असेल.

लोक म्हणतात, त्याची काही अडचण असेल. असेल. मला ती ऐकायची नाही. गाडी गेल्याचं दुःख आहेच, पण माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. आम्ही ओरडणार नाही, हसत वाट बघत बसू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमची माया त्याने पळून जायला वापरली. निदान ती गोळ्यांची डबी तरी न्यायची होती, म्हणजे मनापासून शिव्या देता आल्या असत्या.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जमादाराने गियरच्या कुलपाच्या कंपनीचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "मास्साब, इसके साथ तीन चाबी आती है."

मग त्याने विचारलं, की गाडी दिसली नाही तेव्हाच का आला नाहीत.

ही बाकावर बसली होती. गोळीची वेळ झाली होती. डबी उघडून तिने गोळी घेतली. मग डबा काढला, त्याच्यासाठी ठेवलेल्या दोन दशम्यांतली एक माझ्या हातात दिली आणि दुसरी स्वतः खाऊ लागली.