सहा थरांचे टायर

धाग्यातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं सुरतेत कुणाला कळत नाही, असा मला माज होता. खानदेशातून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या लूमवर कारीगर होतो. नव्वदीच्या मधल्या वर्षांत गोडादऱ्यात माझी स्वतःची पत्र्याची शेड झाली, आत लूम खडखडू लागले आणि दारात एक जुनी पांढरी गाडी आली. मग काय, मला शिंगंच फुटली.

गाडी आली त्याच सुमाराला माय मोरीत घसरून पडली. तिच्या मणक्याला चीर गेली. कतारगामला हाडांचा एक डॉक्टर होता, त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा शेक आणि ताण घ्यायला जावं लागे. तो म्हणाला, "श्रावणापर्यंत सरळ उभ्या राहतील. फक्त हादरे बसू देऊ नका." मायने श्रावण तेवढा ऐकला. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी तिचा चौरंग घरातली बाई डोक्यावर घेऊन नदीवर नेते. मायने तो मान एकही वर्ष सोडला नव्हता. औंदाही चौरंग आपल्याच डोक्यावर हवा, एवढंच तिचं मागणं होतं.

दिवाळीनंतर गाडीचे टायर गुळगुळीत झाले आणि मागच्या दोन रिमा वाकल्या. मी ड्रायव्हरला घेऊन टायरवाल्याकडे गेलो. ड्रायव्हर परभणीकडचा, कमी बोलणारा माणूस. टायरवाल्याने मायची हकीकत ऐकली आणि रेडियल टायर पुढे केले. मापाने जुन्याइतकेच, पण दाबले की कडेने मऊ लागणारे. रिमाही पहिल्याच मापाच्या ठेवा म्हणाला.

"सेठ, गड्ढा टायर का पेट खाता है. पेट नरम होगा तो माताजी को पता नहीं चलेगा."

मला त्याचं शिकवणं झोंबलं. कोपऱ्यात जाड टायरांची चळत होती. जड माल वाहणाऱ्या गाड्यांना लावतात तसले, नायलॉनचे, सहा थरांचे. शेजारी त्याच जातीच्या फाटक्या टायरचा तुकडा पडला होता. मी नखाने त्यातला धागा उसवला, थुंकी लावून पिळला, कानाजवळ नेऊन तोडायला गेलो. आम्ही लूमवाले धागा असाच पारखतो. तो तुटला नाही, माझं बोट मात्र कापलं. मला केवढा आनंद झाला!

"हे बसव," मी म्हणालो. "सहा थर. असला नायलॉन माझ्या लूमवर आला तर मी पूजा करीन त्याची."

"सेठ, कपडा अलग, टायर अलग."

"धागा मला शिकवतोस? तू रबर विक."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्याचा चेहरा उतरला, म्हणून मी आणखी चढलो. रिमाही जाड पत्र्याच्या घेतल्या आणि हवा टिच्चून भरून घेतली. परतताना ड्रायव्हर हळूच म्हणाला, "भाऊ, एकदा मागं बसून बघा."

"मागं बसायला मी म्हातारी आहे का?"



पहिल्याच फेरीत रेल्वे फाटकावर माय ओरडली. मी पुढच्या सीटवर होतो. मला दणका लागला, पण लागण्यासारखा नाही. वळून पाहिलं तर तिने दोन्ही हातांनी सीट धरली होती आणि ओठ दाताखाली होता. मी म्हणालो, पाठ दुखते तर गाडीवर राग काढू नकोस. घरी बायकोने उशा दिल्या, गोधडी घडी करून दिली. मी तिलाही हसलो. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर माय माझ्याजवळ आली.

"दादा, मी रिक्षामा जासू. हाई गाडीमा हाडं वाजतस."

"गाडी ऱ्हाईसन रिक्षामा? लोके हासतीन मले."

ती गाडीत जाऊन बसली. पुढे मी तिच्याबरोबर जायचं सोडलं, ड्रायव्हरलाच पाठवू लागलो. गाडी शेडवर परतली की कारीगरांसमोर त्याला विचारायचो, "काय रे, आज म्हातारी किती वेळा कण्हली?" तिच्या कण्हण्याची नक्कलही करून दाखवायचो. कारीगर हसायचे, मालक हसला की हसावं लागतं. ड्रायव्हर फडक्याने काच पुसत राहायचा. डॉक्टरने दोनदा निरोप पाठवला की पाठ सुधारायच्या ऐवजी बिघडते आहे. मी म्हणालो, डॉक्टरच बदलू. टायर बदलायचे तर त्या टायरवाल्यासमोर मान खाली घालावी लागली असती, आणि माझी मान मला मायच्या पाठीपेक्षा प्यारी होती. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

होळीला कारीगर गावी गेले. सुताने भरलेला बीम लूमवर चढवायला माणूस नव्हता म्हणून एक बाजू मी उचलली आणि कमरेत कट्‌कन झालं. पुढच्या सीटवर बसता येईना. मायच्याच डॉक्टरकडे न्यायला ड्रायव्हरने मला मागे आडवं केलं, मायच्या जागेवर, तिच्याच गोधडीवर. गल्लीतल्या पहिल्या खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. फाटकावर मी लहान पोरासारखा रडलो. "थांबव, तुझ्या पाया पडतो," असं मी त्याला म्हणालो. तो थांबला. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी कण्हलो किती वेळा, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यालाच टायरवाल्याकडे पाठवलं, मान वाचवायची खोड तेव्हाही गेली नाही. मऊ रेडियल आले, पहिल्या मापाच्या रिमा आल्या, हवा बेताची भरली. फाटक आता नुसतं हलल्यासारखं वाटायचं. महिन्याभरात माझी कंबर ठणठणीत झाली. डॉक्टरने मायच्या एक्स-रेची नवी फिल्म उजेडाला धरली आणि खाली ठेवली. आता उशीर झाला, म्हणाला. मणका वाकडाच जुळला होता.

श्रावणात कानबाई उठली, नदीकडे निघाली. चौरंग बायकोच्या डोक्यावर होता. पुढे ढोल, गल्लीतल्या बायकांची गाणी, आणि मागून माय, कमरेत काटकोनात वाकलेली, नजर रस्त्याला लागलेली. देवीचं तोंड बघायला तिला मान वाकडी करावी लागत होती. मी तिच्या शेजारून ताठ चालत होतो. तिने तशीच मान वाकडी करून माझ्याकडे वर पाहिलं आणि माझ्या कमरेवर हात ठेवला.

"बेस व्हयनं, दादा. तुन्ही पाठ तरी वाचनी."

टोमणा असता तर मी सोसला असता. पण माय मनापासून बोलत होती.