मोठे सुरण

पनवेलच्या बाजारात सुरणावरच्या ओल्या मातीचा वास आला आणि विचुंब्याचं आमचं परस आठवलं. कातकरवाडीवरची कमळी लावणी करायला आली होती.

"मोठे गड्डे लावायचे, बारके खायचे," ती म्हणाली.

मला संशय आला. ही मोठे मातीत पुरेल आणि मागाहून गुपचूप उकरून नेईल. मी मोठे स्वयंपाकघरात नेले आणि लिंबाएवढे तिला लावायला दिले.

काढणीलाही तीच आली. जेमतेम मुठीएवढे सुरण निघाले, तेव्हा मी तिच्या पिशवीकडे पाहिलं. तिने ती माझ्यासमोर उलटी केली. आत फक्त भाकरीचं फडकं.

"मोठे तर तुमीच खाल्ले ना, बाई."

तेव्हा ते उद्धट वाटलं होतं. आज भाजीवालीने मोठा गड्डा पुढे केला, तर माझा हात पुढे होईना.