गाठीवरचं बोट

उजवी बाजू लुळी पडल्यावर दादाच्या वाट्याला घरात एकच काम उरलं होतं. वहिनी पनवेलच्या आमच्या घरात शेंगदाण्याची चिक्की करायची आणि कामोठ्याच्या दुकानांना द्यायची. दादा डाव्या हाताने प्लास्टिकची पिशवी सीलिंग मशीनमध्ये धरायचा, डाव्या पायाने खालची पट्टी दाबायचा. चर्र झालं की पिशवीचं तोंड बंद. मला विचाराल तर त्या चर्र आवाजासाठीच तो रोज सकाळी लेकीकडून, माझ्या पुतणीकडून, दाढी करून घ्यायचा.

मग प्लास्टिकबंदी आली. दुकानदार म्हणाले, पिशवीतला माल नको. घरात कागदातलं कळणारा मी एकटाच, म्हणजे छापखान्यात कारकुनी केलेला. कोणी विचारलं नव्हतं, तरी कामाला लागलो. माझ्या पहिल्या पुड्यांमध्ये इथल्या दमट हवेने चिक्की अशी मऊ पडली की पुतणी म्हणाली, "काका, याला आता च्युइंगम म्हणून विकू या." शेवटी जमलं. आत बटर पेपर, वर खाकी कागद, त्यावर आडवीउभी सुतळी घट्ट आवळून गाठ. दुकानदारांनी वाहवा केली. मी स्वतःला शास्त्रज्ञ समजू लागलो.

गाठीला दोन हात लागतात, हे मात्र शास्त्रज्ञाच्या ध्यानातच आलं नाही.

दादाने सुतळीचं एक टोक दातात धरलं. वहिनी ओरडली, "अहो, लोकांच्या खायच्या वस्तू आहेत! तोंड काय लावताय?" त्याने सुतळी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दाढी बंद. मशीनवर फडकं टाकलेलं होतं, त्याकडे पाठ करून तो बसून राहायचा.

मी खटपट करून एका हाताने मिटणारं पुठ्ठ्याचं खोकं केलं. त्याने ते मिटलं, उघडलं, फटीत नख घालून पाहिलं.

"हवा शिरेल यात," जड जिभेने म्हणाला.

"शिरू दे की थोडी."

"दुकानदार तुला नाही, तिला बोलतील. मला जमेल असं नको करूस. चिक्कीला जमेल असं कर."

वहिनीने ते ऐकलं. पुडा उचलून त्याच्यापुढे ठेवला, सुतळीचा फेरा घातला. "बोट ठेवा इथे. सैल पडतंय." एकटीने ती सुरेख बांधायची, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्याने डावं बोट ठेवलं. तिने आवळलं.

"हळू गं! बोटाचीच चिक्की करशील."

दाढी पुन्हा सुरू झाली. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असतानाच दुसरा झटका आला, आणि त्यातून तो उठला नाही.

तेरावा झाल्यावर वहिनी पुन्हा कामाला बसली. पुडा बांधायला घेतला, फेरा घातला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "बोट."

मी लगबगीने पुढे केलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं आणि सुतळी सोडून दिली.

"भावोजी, चिकटवता येईल असं काही करा ना."

हल्ली आम्ही पुडे खळीने चिकटवतो. हवा शिरते थोडी. दुकानदार बोलतात, वहिनी ऐकून घेते.