ताईचा अंगठा
रजिस्ट्री ऑफिसात शाईच्या पॅडचा तो तेलकट वास नाकात शिरला, की मला हुडकेश्वरचं ताईचं घर आठवतं. भाऊजी बुटीबोरीच्या एका कारखान्यात मशीनमध्ये सापडून गेले, त्याचा तिसरा दिवस होता. राख सावडून आम्ही नुकतेच परतलो होतो, अंगणातल्या तारेवर ओले टॉवेल होते. तेवढ्यात कारखान्याचे साहेब कागद घेऊन आले. याच साहेबांनी तिरडीला खांदा दिला होता, घाटावर शेवटपर्यंत थांबले होते. मी कागद वाचला. चूक भाऊजींचीच होती आणि आमची काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं. "हे काहून लिहिलं, साहेब?" मी विचारलं. "फॉर्मॅलिटी आहे गा. याच्याशिवाय भरपाईची फाइल पुढे सरकत नाही," ते म्हणाले. आधी वकिलाला दाखवतो, हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. पण खांदा देणाऱ्या माणसाला तसं कसं म्हणायचं? ताई दहावी शिकलेली, सही सुंदर करायची. त्या दिवशी तिला पेनसुद्धा धरवेना. साहेबांनी पॅड उघडलं. महिनाभरानं वकिलांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, "लढू आपण. पण अंगठ्याच्या आधी यायचं होतं गा माझ्याकडे. आता पहिले या कागदाशीच लढा लागते." ताईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. केस अजून चालूच आहे. आणि तो वास आला की मी आजही कोरडी बोटं पँटला पुसतो, कारण त्या दिवशी तिचा अंगठा धरून कागदावर मीच दाबला होता.